धातूंवरील संस्कार
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठीच्या अध्यापकाने मिश्रधातूंवर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु 'धातू' हा शब्द आम्हा भाषेच्या माणसांना परका नाही. क्रियापदाच्या मूळ रूपाला व्याकरणात धातूच म्हणतात. प्रत्यय लागल्यावाचून तो वाक्यात उभा राहत नाही. कारखान्यातला धातूही संस्कारावाचून फारसा कामास येत नाही. तो संस्कार म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते, कथील मिसळले की कासे होते, हे आपण शाळेत शिकलो. त्यामुळे मिश्रधातूचे गुण घटकांच्या प्रमाणावरच ठरतात, अशी आपली समजूत होते. ती अपुरी आहे.

आल्फ्रेड विल्म हे जर्मन धातुशास्त्रज्ञ बर्लिनजवळच्या एका संशोधनसंस्थेत ॲल्युमिनियम कठीण करण्याच्या खटपटीत होते. लोहार कोयत्याचे पाते लाल तापवून पाण्यात बुडवतो, त्याला आपण 'पाणी देणे' म्हणतो. पोलाद त्याने तत्काळ कठीण होते. विल्म यांनी ॲल्युमिनियममध्ये सुमारे ४ टक्के तांबे व थोडे मॅग्नेशियम घालून तोच प्रयोग केला. धातू मऊच राहिला. मात्र काही दिवसांनी पुन्हा मोजले, तेव्हा तोच तुकडा, कोणी हात न लावता, कितीतरी कठीण झालेला आढळला. हे १९०६ सालचे. पुढे ड्यूरेन गावच्या कारखान्यात ही मिश्रधातू 'ड्युरॅल्युमिन' या नावाने तयार होऊ लागली. तिची ताकद शुद्ध ॲल्युमिनियमच्या सुमारे चौपट भरते.

असे का घडले, हे विल्म यांना उलगडले नाही. १९१९ साली अमेरिकेत मेरिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर सुचविले. त्याचे मर्म द्राव्यतेत आहे. उकळत्या पाण्यात जितकी साखर विरघळते, तितकी गार पाण्यात विरघळत नाही. घन धातूलाही हाच नियम लागू पडतो. सुमारे ५४८ अंश सेल्सियसला ॲल्युमिनियम साडेपाच टक्क्यांहून थोडे अधिक तांबे आपल्यात सामावून घेते. नेहमीच्या तापमानाला मात्र एक दशांश टक्काही मावत नाही.

पाक सावकाश निवू दिला की खडीसाखरेचे टपोरे खडे जमतात. तापलेली मिश्रधातू सावकाश निवली की तांबेही असेच ॲल्युमिनियमशी संयोग पावून, मोठ्या व विरळ कणांच्या रूपाने बाहेर पडते. त्याने ताकद फारशी वाढत नाही. उलट तिला एकदम पाण्यात बुडवले, तर तांब्याला बाहेर पडायला अवधीच मिळत नाही; ते आत अडकून राहते. मग दिवसामागून दिवस त्याचे अणू हळूहळू एकत्र येतात आणि जागोजागी अतिसूक्ष्म चकत्या तयार होतात. १९३८ साली फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांचा माग काढला. त्यांची जाडी अवघी एक-दोन अणूंची असते.

धातू वाकतो तेव्हा त्याच्या स्फटिकांतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. या चकत्या त्या सरकण्याच्या वाटेत अडथळे होतात. अडथळे बारीक आणि दाट असले की धातू बळकट होतो. ही सूक्ष्मरचनाच त्याचे खरे बळ.

या संस्कारालाही मर्यादा आहे. धातू अधिक काळ तापत ठेवला, तर बारीक कण विरघळून मोठे कण आणखी मोठे होतात, अडथळे विरळ होतात आणि कमावलेली ताकद ओसरते. विमानबांधणीत काही जातींचे रिवेट पाणी दिल्यावर शीतपेटीत ठेवतात, ते याच जाणिवेने. बाहेर राहिले तर ठोकण्यापूर्वीच कठीण होतील आणि ठोकताना तडकतील. थंडीत अणूंची हालचाल मंदावते आणि रिवेट मऊ राहतो. ठोकल्यानंतर तो जागच्या जागी कठीण होतो.

राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानाच्या इंजिनाचे कवच ॲल्युमिनियमचे होते आणि त्यात सुमारे ८ टक्के तांबे होते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या कवचातही असेच सूक्ष्म कण आढळले. म्हणजे विल्म यांच्या शोधाच्या तीन वर्षे आधी हा गुण मानवाच्या सेवेस हजर होता, पण त्याची ओळख कोणालाच नव्हती. ओळख पटल्यावर मात्र तो हवा तेव्हा आणि हवा तितका मिळवता येऊ लागला. योगायोगाने लाभणे आणि जाणून घडविणे यांत एवढे अंतर असते.

आपल्या बेळगावात ओतकामाचे कारखाने आहेत, बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढण्याचा कारखानाही आहे. तेथे राबणाऱ्या कितीतरी घरांत मराठी बोलली जाते. त्यांच्या हातांना धातूची पारख आहे. त्या पारखीमागचे 'का' त्यांच्या मुलांना स्वभाषेत वाचायला मिळावे, अशी माझी इच्छा आहे. कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाशेजारी या विषयांचेही एक कपाट दुसऱ्या शतकात भरावे, एवढी विनंती करतो.