अंगणातील माती आणि चाळणीचा आकडा



जमीन विकत घेताना आपण तिची लांबी-रुंदी मोजतो, दस्तऐवज तपासतो, पाण्याची सोय पाहतो. परंतु तिच्या पोटात काय पुरले आहे, हे क्वचितच कोणी विचारतो. अमेरिकेतील नायगारा फॉल्स नगरात हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. तेथील लव्ह कॅनॉल नामक अर्धवट खणलेल्या कालव्यात एका कारखान्याने सुमारे २० हजार टन टाकाऊ रसायने पुरली. १९५३ साली ती जागा एका डॉलरास शाळामंडळाकडे गेली; तेथे शाळा झाली, भोवती घरे उठली. १९७८ साली विषारी द्रव्ये तळघरांत पाझरत असल्याचे उघडकीस आले आणि शेकडो कुटुंबांस घरे सोडावी लागली. १९८० साली हॉलंडमधील लेकरकर्क गावीही असाच प्रसंग ओढवला.

तेव्हा सरकारांपुढे मोठा पेच पडला. संशयित जागा हजारो. प्रत्येकीचा कसून तपास करण्याइतका पैसा आणि वेळ कोणाजवळ असणार? त्यातून जी युक्ती निघाली तिला चाळणीच म्हणावयास हवे. प्रत्येक घातक द्रव्यासाठी एक आकडा ठरवावयाचा. मातीतील प्रमाण त्याखाली असेल, तर त्या द्रव्यापुरती चौकशी सहसा थांबवावी. वर असेल, तर ती पुढे न्यावी.

हा आकडा येतो कोठून? हिशेब उलट्या दिशेने मांडतात. अमेरिकेच्या पद्धतीत असे धरतात की, सहा वर्षांखालील मूल सरासरी १५ किलो वजनाचे असते आणि खेळताना, बोटे तोंडात घालताना, दिवसास २०० मिलिग्रॅम माती त्याच्या पोटात जाते. ८० किलोच्या प्रौढाच्या पोटात १०० मिलिग्रॅम. म्हणजे वजनाच्या मानाने मुलाचा वाटा सुमारे दहापट! एवढी माती वर्षानुवर्षे पोटात गेली तरी कर्करोगाचा वाढीव धोका दहा लाखांत एकापलीकडे जाऊ नये, असे प्रमाण मग काढावयाचे.

शिशाची गोष्ट निराळी आहे. त्याची सर्वथा निर्धोक अशी मात्रा ठाऊकच नाही. म्हणून मुलांच्या रक्तात ते किती चढेल, याचा अंदाज बांधतात. निवासी जागेसाठी अमेरिकेने १९९४ साली किलोभर मातीत ४०० मिलिग्रॅम हा आकडा धरला होता. जानेवारी २०२४ मध्ये तो २०० वर आणला. अर्थात ३०० मिलिग्रॅमचे अंगण २०२३ साली चाळणीतून सुटत होते, ते पुढील वर्षी अडकले. माती तीच, थोडेसे शिसेही कोवळ्या मेंदूस बाधते, ही जाणीव मात्र पक्की झाली.

या आकड्यांविषयी दोन गैरसमज होतात. पहिला असा की, आकडा ओलांडला म्हणजे माती विषारीच ठरली. सोमलाचा निवासी आकडा किलोमागे एक मिलिग्रॅमहूनही कमी आहे, आणि निसर्गाच्या स्वच्छ मातीतही सोमल बहुधा त्याहून अधिक असतो. म्हणून त्या प्रदेशातील मूळ मातीशी तुलना केल्यावाचून निकाल देणे रास्त नव्हे. दुसरा गैरसमज अधिक घातक: आकड्याखाली म्हणजे निर्भय. अनेक नमुन्यांच्या सरासरीत एखादा विषारी कोपरा दडून जातो. आठ-दहा द्रव्ये एकत्र असल्यास धोक्यांची बेरीज होते. आणि परसातील भाजीवाटे जाणारे विष अशा आकड्यांत पुष्कळदा धरलेलेच नसते.

शिवाय कारखान्याच्या जागेसाठीचा आकडा सैल असतो, कारण तेथे मूल खेळणार नाही असे गृहीत असते. मुंबई-ठाण्याकडे जुन्या कारखान्यांच्या जागी निवासी इमले उठले आहेत. तेथे हे गृहीतच कोसळते. दूषित जागांच्या व्यवस्थेविषयीचे नियम भारतात २०२५ साली जाहीर झाले आहेत. पण नियमांस नागरिकांच्या जागरूकतेची जोड हवी.

म्हणून ‘माती तपासली आहे’ असे कोणी सांगितले, तर तीन प्रश्न अवश्य विचारावेत. नमुने कोठून व किती खोलीवरून घेतले? कोणकोणती द्रव्ये शोधली? आणि आकडा ताडून पाहिला तो कारखान्याच्या जमिनीचा, की मुलांच्या अंगणाचा? पहिल्या दोहोंची उत्तरे कितीही समाधानकारक असली, तरी तिसऱ्याचे उत्तर लेखी मिळेपर्यंत व्यवहार पुरा करू नये.