मधुमेह आणि डोळ्यांतील अदृश्य बिऱ्हाडकरू

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी मला व्याख्यानाचे आमंत्रण दिले, तेव्हा विषय निवडण्याची मुभाही दिली. नेत्रवैद्य बोलणार म्हणजे मोतीबिंदूवर किंवा चष्म्यावर बोलणार, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु आज मी डोळ्यांच्या पृष्ठभागावर जन्मभर वस्ती करून राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंविषयी, आणि मधुमेह जडला म्हणजे त्या वस्तीत कोणता पालट होतो, याविषयी चार शब्द सांगणार आहे. विषय भोजनोत्तर वेळेस काहीसा रुक्ष वाटेल. तथापि त्याचा संबंध आपल्या घराघराशी आहे, हे शेवटी आपणांस पटेल असा मला भरवसा वाटतो.

मधुमेह आपणांस नवा नाही. लघवीस मुंग्या लागतात ही त्याची खूण आपल्या प्राचीन वैद्यांनी नोंदून ठेविली आहे, आणि सुश्रुताने नेत्राचे ७६ रोग वर्णिले आहेत. मात्र या दोहोंमधील जो दुवा मी आज सांगणार आहे, तो सूक्ष्मदर्शकावाचून दिसणे शक्य नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह आहे. तेव्हा या सभागृहातही तो असणार. किती जण तो उघडपणे सांगतील, हा प्रश्न निराळा.

प्रथम निरोगी डोळा पाहू. पापणीच्या आतले अस्तर आणि बुबुळावरील काचेसारखा पडदा, ज्यास आम्ही कॉर्निया म्हणतो, यांवर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर पसरलेला असतो. हा भाग अगदी निर्जंतुक असेल असे कोणासही वाटेल. पण तसे नाही. तेथे काही जंतू नेहमीच राहतात. तोंडात किंवा त्वचेवर जशी त्यांची दाट लोकवस्ती असते, तशी येथे नसते. येथली वस्ती विरळ असते. त्यांत स्टॅफिलोकॉकस कुळातील सौम्य प्रकृतीचे जंतू अधिक आढळतात. हे आपले बिऱ्हाडकरूच म्हणा ना! ते शांतपणे राहतात, आणि ते जागा अडवून असल्यामुळे एखाद्या दांडग्या उपऱ्यास तेथे सहजी शिरकाव मिळत नाही.

या बिऱ्हाडकरूंस शिस्तीत ठेवण्याचे काम अश्रू करतात. १९२१ च्या अखेरीस लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांस नाकातील स्रावात जंतूंस विरघळविणारे एक द्रव्य आढळले. तेच द्रव्य अश्रूंत विपुल आहे असे दिसताच ते सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळून अश्रू गोळा करू लागले! १९२२ साली त्यांनी ते जगापुढे मांडले, तेच लायसोझाइम. योगायोग असा की, ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटो येथे एका चौदा वर्षांच्या मधुमेही मुलास इन्शुलिनची पहिली सुई टोचली गेली. एक शोध अश्रूंचा, दुसरा साखरेचा. या दोन विषयांचा संबंध किती निकट आहे, हे पुढे कळावयाचे होते.

तो संबंध असा. रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली म्हणजे अश्रूंतील साखरही वाढते. कॉर्नियातील सूक्ष्म मज्जातंतू हळूहळू क्षीण होतात. डोळ्यांत कण गेला तरी पूर्वीसारखे खुपत नाही. पापणीची उघडझाप मंदावते. अश्रू कमी पडतात आणि डोळा कोरडा राहू लागतो. वरच्या आवरणास बारीकसा ओरखडा गेला तर तो लवकर भरून येत नाही. शिवाय जंतूंवर चालून जाणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी सुस्तावतात. म्हणजे घराची झाडलोट थांबली, भिंतीस भेगा पडल्या, पहारेकरी डुलक्या घेऊ लागला आणि कोठीत गोडधोड वाढले! अशा घरात बिऱ्हाडकरूंचे वर्तन बदलले, तर दोष केवळ त्यांचाच कसा म्हणावा?

प्रत्यक्ष तपासणीत काय दिसते? पापणीच्या आतून कापसाच्या बोळ्याने स्राव घेऊन तो जंतू वाढविण्याच्या बशीत ठेविला, तर मधुमेही व्यक्तींच्या डोळ्यांत जंतू अधिक वेळा उगवतात, असे अनेक देशांतील पाहण्यांत आढळले आहे. ज्यांच्या दृष्टिपटलावर मधुमेहाचा परिणाम झालेला आहे, त्यांच्यात हे प्रमाण आणखी अधिक असल्याचे काहींनी नोंदविले आहे. काही पाहण्यांत मात्र ठळक फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अलीकडे जंतूंच्या जनुकांवरून त्यांची ओळख पटविता येते. बशीत न उगवणारे जंतूही त्यामुळे मोजणीत येतात, आणि त्या रीतीनेही मधुमेहात वस्तीची घडण पालटते असे दिसून आले आहे. कोणते कुळ वाढते आणि कोणते घटते, यावर मात्र सर्वांचे एकमत झालेले नाही.

आपण म्हणाल, पालटेना का वस्ती. आम्हांस त्याचे काय? एरवी फारसे काही नाही. फार तर वरचेवर रांजणवाडी होईल, पापण्यांच्या कडा सुजतील. खरा प्रश्न येतो तो शस्त्रक्रियेच्या वेळी. मोतीबिंदू काढताना डोळ्यास छेद द्यावा लागतो, आणि दारावरचा बिऱ्हाडकरू त्या छेदातून माजघरात शिरू शकतो. आत त्याला अडविणारे फारसे कोणी नसते. असा जंतुदोष क्वचितच होतो, हजार शस्त्रक्रियांत एखादा किंवा त्याहूनही कमी; परंतु झाला तर दृष्टी जाण्याचे भय असते. १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १७ रुग्णांच्या डोळ्यांच्या आतील जंतू बाहेरील जंतूंशी ताडून पाहिले, तेव्हा १४ जणांच्या बाबतीत ते रुग्णाच्याच पापणीवरचे, डोळ्यावरचे किंवा नाकातले असल्याचे दिसले. म्हणून हल्ली शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यावर पोव्हिडोन आयोडिनचे थेंब सोडतात. थोड्या वेळाच्या त्या झोंबण्याने फार मोठे संकट टळते.

आता एक घरची गोष्ट सांगतो. आमच्या थोरल्या काकांस नऊ वर्षे मधुमेह होता. हे घरातल्या चौघांपलीकडे कोणास ठाऊक नव्हते, कारण नातीच्या विवाहाची बोलणी चालू होती आणि घराण्यात रोग आहे असा बोभाटा होऊ नये, अशी सर्वांची इच्छा. मोतीबिंदूच्या शिबिरात नावे लिहून घेणारा स्वयंसेवक आपल्याच ज्ञातीतला. त्याने विचारले, "साखर आहे का?" काका म्हणाले, "छे!" आदले दोन दिवस त्यांनी जवळजवळ उपवासच केला होता, सकाळच्या तपासणीत साखर बेताची निघाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. चौथ्या दिवशी डोळा ठणकू लागला. लग्नघर म्हणून त्यांनी तो अंगावर काढला, आणि घरातले जुने थेंब घालीत राहिले. सातव्या दिवशी आणले, तेव्हा आत पू झालेला होता. तपासणीत निघाला तो पापणीवर नेहमी राहणारा स्टॅफिलोकॉकसच. त्या डोळ्याची दृष्टी परत आली नाही. केवळ मधुमेहामुळेच हे झाले, असे मी म्हणणार नाही. निरोगी माणसासही असे क्वचित होते. परंतु खरे सांगितले असते, तर साखर ताब्यात येईपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलता आली असती, नंतर त्यांच्यावर अधिक लक्ष ठेविता आले असते. मी त्या वेळी वैद्यकाचा विद्यार्थी होतो. मला ते ठाऊक होते, आणि मी बोललो नाही. काकांनी मला कधी बोल लाविला नाही. म्हणूनच तो अधिक लागला.

यास्तव माझ्या काही विनंत्या आहेत. डोळ्यांच्या वैद्यास मधुमेह प्रथम सांगावा. एका सकाळच्या साखरेवर विसंबू नये. गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी करून घ्यावी. दृष्टी चांगली असली तरी मधुमेही व्यक्तीने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळे तपासून घ्यावेत. मध, दूध, तूप डोळ्यांत घालू नये. काजळाची एकच डबी घरभर फिरवू नये. दुसऱ्यासाठी आणलेले किंवा गेल्या वर्षीचे थेंब वापरू नयेत. जंतुनाशक थेंबांच्या वारंवार वापराने त्या औषधास न जुमानणारे बिऱ्हाडकरू डोळ्यांत घर करतात. शस्त्रक्रियेनंतर ठणका, लाली किंवा अंधुकपणा वाढू लागला, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आणि मंडळास एक सूचना. आपल्या शिबिरांत रोगाची विचारपूस चारचौघांत, ज्ञातीतल्या स्वयंसेवकाने वहीत लिहून घेऊ नये; ती परिचारिकेने आडोशाला करावी. गरजूंच्या एचबीए१सी तपासणीचा खर्च औषध निधीतून द्यावा. मधुमेह हे काही कुळाचे लांछन नव्हे. तो लपविल्याने सोयरीक टिकेल, परंतु डोळा टिकेलच असे नाही.