बाभळीला गेलो आणि रिकाम्या हाताने आलो
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



माझ्याआधी बोललेल्यांनी भाव, कर्ज, वीज सगळं सांगून झालं. मी आज मासे न मिळाल्याची गोष्ट सांगणार आहे. हसू नका, गोष्ट पाण्याचीच आहे.

2018 चा ऑक्टोबर. परतीच्या पावसाने तोंड फिरवलेलं. महिना संपता संपता सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, ते साल तुम्ही विसरला नसाल. कपाशीची पहिली वेचणी उरकली होती, दुसरीची आशा नव्हती. परभणीला एका वर्गात शिकलेले आम्ही चौघं. एक बँकेत, एकाचं फवारणीच्या औषधांचं दुकान, एक मास्तर, आणि मी नोकरी सोडून तुमच्यात आलेला. गळ, गांडुळांचा डबा, कणकेच्या गोळ्या आणि भाकरी-ठेचा घेऊन आम्ही धर्माबाद तालुक्यात बाभळीच्या बंधाऱ्यावर गेलो.

सकाळी सातला बसलो ते दुपारी तीनपर्यंत. बंधाऱ्याची 14 च्या 14 दारं वर उचललेली, खाली गोदावरी गुडघाभर. बँकवाल्याचा गळ दगडात अडकून तुटला. मास्तरच्या गळाला खेकडा लागला, तोही काठावर येऊन पळाला. तेवढ्यात एक म्हातारे भोई खांद्यावर जाळं टाकून आले.

“सायेब, आत्ता कशाला आलाव? पावसाळ्यात मासा चढणीला लागतो तवा यायचं, न्हाईतर दारं पडल्यावर. आता पाणी चाललं पोचमपाडला. त्याच्या मागं मासा बी गेला.”

“दारं कधी पडणार, मामा?”

“अठ्ठावीस तारखेला. कोर्टाची तारीख हाय.”

आम्हा चार पदवीधरांपैकी एकाच्याही ध्यानात ती तारीख नव्हती. सभेत मी ती दहा वेळा सांगितली होती, पण मासे धरायला निघताना आठवली नाही!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाभळीचा वाद आंध्रने सुप्रीम कोर्टात नेला. 2010 च्या जुलैत चंद्राबाबू आपले आमदार घेऊन बंधाऱ्यावर निघाले आणि धर्माबादला अटकेत पडले, ते पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलं. 28 फेब्रुवारी 2013 ला निकाल लागला. बंधारा राहिला. पण 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची, आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं. बंधाऱ्याची एकूण साठवण 2.74 टीएमसी.

आता ही तारीख आपल्या पिकाशी लावून पाहा. रब्बी ज्वारीची पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. कपाशीचं बोंड भरतं सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे ज्वारी उगवून वर आली, बोंड फुटलं, आणि मग दारं पडणार. परतीचा पाऊस झाला तर बंधारा भरेल. 2018 सारखं झालं तर काय अडवणार? निकालाला मी शिव्या देत नाही. खाली निजामाबादकडच्या शेतकऱ्यालाही पोट आहे. पण बंधारा भरला तरी मोटार काठावरच्याची चालते. मुखेड, अहमदपूरच्या माळावर बसलेल्याला त्या पाण्याचं काय? आणि धरणाच्या भरवशाचं म्हणाल, तर 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं.

परत येताना गाडीत मी पाकिटावर हिशेब मांडला. एका हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 10 लाख लिटर पाणी होतं. बाभळीचं 2.74 टीएमसी म्हणजे सुमारे 7,760 कोटी लिटर. म्हणजे साडेसत्त्याहत्तर हजार हेक्टरवर पडणारा 100 मिलिमीटर पाऊस वावरातच मुरवला, तर एक अख्खी बाभळी झाली. तिला दार नाही, तारीख नाही, कोर्ट नाही. सगळा पाऊस काही मुरत नाही, हे मलाही कळतं. पण आपल्या काळ्या रानातून आज जे गढूळ पाणी ओढ्याला जातं, ते माती घेऊन जातं.

ह्यात नवीन काही नाही. उताराला आडवी पेरणी, कपाशीत दोन-चार ओळींआड मृत सरी, रब्बीच्या रानात जुलै-ऑगस्टात पाडलेले वाफे. नोकरीत असताना मी ह्याची पत्रकं वाटली आहेत. वाटली आणि जीपमध्ये बसून निघून आलो. किती वावरांत सरी पडली, ते वळून पाहिलं नाही. तो दोष माझा.

म्हणून ह्या वेळी पत्रक आणलेलं नाही. प्रत्येक गावातून दोघांनी जेवणानंतर माझ्याकडे नाव द्यावं. मिरगाच्या आधी मी तुमच्या रानात येईन, उतार बघू. आणि सप्टेंबरात परत येईन, तेव्हा सरी दाखवायची.

हां, मासे राहिलेच. रिकाम्या हाताने घरी कसं जायचं, म्हणून धर्माबादच्या बाजारात थांबलो. रोहू मिळाला, बर्फात घातलेला. कुठला म्हणून विचारलं, तर दुकानदार म्हणाला, आंध्रचा.