समुद्रावर गेलो, पाण्यात उतरलो आणि हिशेबही ठेवला

(नालवाडी येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका गटसचिव ताईंनी केलेलं अनुभवकथन. बोलल्याप्रमाणेच देत आहोत.)



मला आमच्या गटाच्या मालवण सहलीबद्दल बोलायला सांगितलं आहे. आम्ही परत आल्यापासून बाजारात, पिठाच्या चक्कीवर बाया विचारतात, "काय वो, मासोळ्याईसंगं पोहून आल्या म्हणते?" अन् हसतात. हसा, आम्हीही हसतो. पण काही जणींनी मागून असंही म्हटलं, "लेकराईच्या फिया बाकी अन् ह्या बाया समुद्रात कायले गेल्या?" हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर द्यायलाच मी उभी आहे.

आधी पैशाचं सांगते, कारण बचतगटाच्या बाईला आधी हिशेब लागतो. गटाच्या बचतीतला एक रुपयाही आम्ही सहलीला लावला नाही. अंतर्गत कर्ज काढून कोणी गेली नाही. बँकेचा हप्ता कोणाचा चुकला नाही. दोन वर्षांआधी आम्ही बारा जणींनी ठराव लिहिला की सहलीची बचत वेगळी, वही वेगळी. महिन्याला तीनशे रुपये. चोवीस महिन्यांत एकेकीचे ७,२०० झाले. ज्या महिन्यात एखादीला जमलं नाही, तिनं पुढच्या महिन्यात भरले. परत आल्यावर हिशेब केला तर जणी ६,८०० खर्च आला. चारशे-चारशे रुपये परत वाटले. वही सोबत आणली आहे, ज्यांना पाहायची त्यांनी पाहावी.

आता कोणी म्हणेल, तीनशे रुपये महिना म्हणजे लेकराची वही-पुस्तकं. खरं आहे. पण घरातला माणूस मित्रांसोबत शेगावला, पंढरपूरला जाऊन येतो, तेव्हा आपण पोळ्या बांधून देतो, हिशेब विचारत नाही. बाई मात्र लग्नाआधी मामाच्या गावी जाते आणि लग्नानंतर माहेरी. गट सुरू झाल्यावर आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या किती तरी बाया वर्धिनी म्हणून दुसऱ्या जिल्ह्यांत गेल्या, पंधरा-पंधरा दिवस राहिल्या, तिथं गट बांधले. कामासाठी आपण जाऊ शकतो, हे आपण दाखवलं. आनंदासाठीही जाऊ शकतो, एवढंच आम्ही पाहायला गेलो होतो.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. नागपूर–मडगाव गाडी वर्धेला थांबते आणि थेट कुडाळला सोडते. ती विशेष गाडी आहे, म्हणून तारीख ठरवायच्या आधी चालू आहे का ते स्टेशनवर विचारून घ्या. नाही तर मुंबईला जाऊन कोकण रेल्वे धरायची. कुडाळहून मालवण एस.टी.नं तासाभराचं. एस.टी.त मार्च २०२३ पासून बाईला अर्धं तिकीट आहे, ते आपल्याला माहीतच आहे. जायचं तर हिवाळ्यात. पाणी शांत असतं आणि खालपर्यंत दिसतं. पावसाळ्यात तिकडच्या पर्यटनाच्या बोटी बंदच असतात.

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नावाचं बेट आहे. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला त्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया घातला. आम्ही पहिल्या दिवशी होडीनं किल्ल्यावर गेलो. तटबंदी पाहिली, शिवराजेश्वराच्या मंदिरात पाया पडलो. पण आमच्या बाया सगळ्यात जास्त वेळ कुठं थांबल्या असतील, तर विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशी त्यांची नावं. चारही बाजूंनी खारट समुद्र आणि मधात गोड पाणी! उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरलेल्या बाईलाच त्या पाण्याची किंमत कळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉल्फिन पाहायचे होते. त्यासाठी देवबागला जावं लागतं. तिथं कर्ली नदी समुद्राला मिळते. आम्ही आदल्या संध्याकाळीच एका बोटवाल्याशी बोलून दोनशे रुपये आगाऊ दिले होते. सकाळी पाहतो तर बोटीत आमच्या बारा जणींशिवाय आणखी माणसं बसलेली, आणि अंगात घालायचे लाईफ जॅकेट सगळे मिळून नऊ. तो म्हणाला, "काही होत नाही, रोज नेतो." आमच्या अध्यक्ष ताई म्हणाल्या, "भाऊ, माणसं मोजा अन् जॅकेट मोजा. जेवढी माणसं तेवढे जॅकेट, तरच आम्ही बसू." तो चिडला. मागची माणसं म्हणाली, चला हो ताई, उशीर होतो. आम्ही बसलो नाही. आगाऊ दिलेले पैसेही परत मागून घेतले.

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात? मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परत येणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. किनाऱ्याजवळ, हे लक्षात घ्या. आपल्यापैकी कोणाला पोहता येतं? हात वर करा. पाहा, एकही नाही. आपल्याकडं पोरं कालव्यात उड्या मारून शिकतात, पोरीला सांगतात पाण्याजवळ जाऊ नको. मग बाईच्या अंगावर जॅकेट नसेल तर तिच्याजवळ दुसरं काय आहे?

मी हे का सांगते? बारा अनोळखी बाया परक्या गावात पुरुषमाणसाला "मोजा" म्हणू शकल्या, ते धाडस कुठून आलं? दर महिन्याला सभेत आपण पैसे मोजतो, सह्या मोजतो, पासबुक पाहिल्याशिवाय पुढं जात नाही. तीच सवय तिथं कामी आली.

दुसरी बोट मिळाली. तिच्यात जॅकेट पुरेसे होते, आणि बोटवाले दादा जाणते होते. ते म्हणाले, "तुमी खंयसून इलास?" आम्ही म्हटलं, वर्धेहून, गांधीजींच्या सेवाग्रामजवळून. बोट नदीच्या तोंडातून बाहेर निघाली तशी वरखाली व्हायला लागली. आमच्यातल्या दोघींना मळमळलं. दादांनी सांगितलं, दूर आकाशाच्या कडेकडं पाहा, खाली पाहू नका. त्यानं बरं वाटलं. बोटीत बसायच्या आधी पोटभर खाऊ नका, पण उपाशीही जाऊ नका.

मग दादांनी इंजिन हळू केलं आणि म्हणाले, थांबा आता, बोलू नका. आम्ही पंधरा-वीस मिनिटं थांबलो. आधी पाण्यावर एक करडी पाठ दिसली, मग दुसरी. "फुस्स" असा आवाज आला. तो डॉल्फिनचा श्वास! डॉल्फिन ही मासोळी नाही बाई. तिला कल्ले नसतात. डोक्यावर भोक असतं, त्यातून ती आपल्यासारखीच हवा घेते. ती अंडी घालत नाही, पिल्लाला जन्म देते, दूध पाजते. या किनाऱ्याजवळ दिसतात ते हंपबॅक डॉल्फिन, पाठीवर उंचवटा असलेले. ते खोल समुद्रात नाही, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतात. म्हणूनच आपल्याला दिसतात आणि म्हणूनच बोटींचा त्रासही त्यांनाच जास्त. आमच्यासमोर एक मोठी आणि तिला चिकटून एक लहान, अशा दोघी वर आल्या. आमच्यातली एक हळूच म्हणाली, "लेकराले श्वास घ्याले वर घेऊन आली वो."

तेवढ्यात बाजूनं एक बोट जोरात आली. पोरं शिट्या मारत होती, बोटवाला थेट त्यांच्या अंगावर बोट नेत होता. डॉल्फिन खाली गेले ते पुन्हा दिसले नाहीत. डॉल्फिनला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार वाघाइतकंच वरच्या दर्जाचं संरक्षण आहे. आपल्याकडं बोरच्या जंगलात वाघामागं कोणी शिट्या मारत धावलं तर आपण काय म्हणू? म्हणून बोट ठरवतानाच सांगा, आम्हाला पाठलाग नको, दुरून पाहू. पैसे देणारी बाई सांगते, तेव्हा ऐकतात.

तिसरा दिवस स्नॉर्केलिंगचा. हा शब्द आम्हालाही आधी उच्चारता येत नव्हता. सोपं करून सांगते. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा चष्मा असतो. तोंडात एक नळी धरायची, तिचं दुसरं टोक पाण्याच्या वर. अंगात जॅकेट असतं, म्हणून माणूस वरच तरंगतो. फक्त चेहरा पाण्यात घालायचा आणि खाली पाहायचं. खोल जायचं नसतं. अडचण एकच, नाक बंद असतं, तोंडानं श्वास घ्यावा लागतो. त्याची तयारी आम्ही घरूनच केली होती. दोन महिने गटाची सभा संपली की सगळ्या जणी नाक चिमटीत धरून पाच मिनिटं तोंडानं श्वास घेत बसायचो. शेजारच्या पोरी खिडकीतून पाहून हसायच्या. पण तिथं ते कामी आलं.

कपड्याचं विचारता म्हणून सांगते. साडी नेसून पाण्यात उतरू नका, पायात अडकते. सलवार-कुडता घाला, ओढणी बोटीत ठेवा, केस घट्ट बांधा. मंगळसूत्र कुडत्याच्या आत घेऊन पिन लावा, जोडवी-पैंजण काढून ठेवा. ज्यांना बीपी, दमा, हृदयाचा त्रास आहे, फिट येते, किंवा पोटुशी असेल, त्यांनी पाण्यात उतरू नये. आमच्यातल्या दोघी बोटीतच बसल्या. त्यांना कोणी आग्रह केला नाही, चिडवलंही नाही. हेही आधीच ठरवलं होतं.

सगळ्यात आधी कोण उतरलं असेल? आमच्या गटातली सगळ्यात वयस्क, बासष्ट वर्षांची मावशी. सून बोटीतून ओरडते, "आत्याबाई, नका जाऊ!" मावशी म्हणते, "जन्मभर विहिरीचं पाणी वढलं वो, आता एकदा पाण्यात जाऊन पाहू दे." सोबतच्या पोरानं तिचा हात धरला, म्हणाला, "भिया नको गो आजी, काय होवचा नाय." पाच मिनिटांनी मावशीनं तोंड वर काढलं आणि नळी काढून पहिला शब्द काय बोलली? "सूनबाई, उतर."

खाली किल्ल्याच्या खडकांजवळ काय दिसतं? काळ्या पट्ट्यांच्या पिवळसर मासोळ्या घोळक्यानं फिरतात. खडकावर प्रवाळ असतं, ते दगडासारखं दिसतं पण जिवंत असतं, बारीक-बारीक जीवांची वस्तीच ती. ती फार हळू वाढते. आपला एक पाय पडला तर किती तरी वर्षांची वाढ मोडते. म्हणून त्यावर उभं राहायचं नाही, तोडून आणायचं नाही. काही जण मासे जवळ यावे म्हणून पाव टाकतात. तेही बरं नाही, पाव हे मासोळीचं अन्न नाही. हा भाग १९८७ पासून सरकारनं सागरी अभयारण्य केला आहे, मालवणचं २९.१२ चौरस किलोमीटरचं.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं. परतीआधी आम्ही वेंगुर्ल्याला गेलो. तिथं मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचतगट आहे. आपल्यासारखाच गट. २०१७ पासून त्या बाया पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. इंजिन नाही, बायाच वल्ही मारतात. घरचे पुरुष मासेमारी करणारे, होडी दारातलीच, खाडी दारातलीच. वनविभागाच्या कांदळवन कक्षानं आणि संयुक्त राष्ट्रांच्या एका प्रकल्पानं त्यांना हात दिला, प्रशिक्षण दिलं. चिखलातून वर आलेली ती झाडाची मुळं श्वास घेतात, त्यांच्या आडोशाला मासोळीची पिल्लं वाढतात, लाटांचा मार तीच झाडं अडवतात, हे सगळं तिथली बाई वल्हं मारता मारता समजावून सांगते. लोक त्या झाडांना नुसती सरपणाची समजत होते. या बायांनी ती न तोडता त्यांच्यावर पोट भरलं.

होडीत बसल्या-बसल्या आमच्या लेखापाल ताईनं विचारलं, आपल्या दारात काय आहे? आपल्या दारात सेवाग्राम आहे, तिथं देशभरातून माणसं येतात. पवनारला धाम नदीकाठी विनोबाजींचा आश्रम आहे. विनोबाजी पवनारला जाण्याआधी आपल्या याच नालवाडीत राहिले. बोरचं व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. येणाऱ्या माणसाला झुणका-भाकर, आंबाडीची भाजी, राहायला स्वच्छ खोली, गाव दाखवणारी बाई, हे आपण देऊ शकतो की नाही? एका रात्रीत होणार नाही. पण विचार सभेत ठेवायला काय हरकत आहे?

तर माझ्या तीन मागण्या प्रभागसंघापुढे आहेत. एक, ज्या गटाला सहलीची बचत सुरू करायची, त्यांनी ती वेगळ्या वहीत करावी, गटाच्या बचतीला हात लावू नये. दोन, पोरींना पोहणं शिकवायची सोय वर्ध्यात कुठं होऊ शकते, याची चौकशी ग्रामसंघानं करावी. तीन, सेवाग्राम-पवनारला येणाऱ्या पाहुण्यांसाठी जेवण आणि मुक्काम, या कामाचा आराखडा करायला पाच जणींची समिती नेमावी.

लेकराईच्या फिया बाकी असताना समुद्रात कायले गेल्या, या प्रश्नाचं उत्तर असं की फिया आमच्याही भरल्या आहेत आणि समुद्रही पाहिला आहे. दोन्ही होतं, हिशेब नीट ठेवला तर. खर्चाची वही आणि गाडीच्या वेळा लिहिलेला कागद मी टेबलावर ठेवते. पुढच्या सभेआधी आपापल्या गटात बोला आणि नावं द्या.