थव्याने टोचलेले बदक

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या कार्यक्रमात मोठ्या विषयांवर बोलणारे वक्ते आहेत. आमच्या वाट्याला विषय आला आहे बदकाचा. काहींना हसू आलं असेल, येऊ द्या. पण आपल्या पूर्व विदर्भात तळी आहेत, बोड्या आहेत, धानाच्या बांध्या आहेत, आणि आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांच्या मागे चार-सहा बदके आहेत. अंड्यांच्या पैशांत मुलांच्या वह्या येतात, महिना-अखेरचं तेल-मीठ येतं. तेव्हा बदकाचं दुखणं हे त्या घराचंही दुखणं असतं.

सिद्धार्थ आणि हंसाची गोष्ट आपल्या घराघरात सांगितली जाते. देवदत्ताने बाण मारला, सिद्धार्थाने बाण काढला, जखम बांधली, पाणी पाजलं. मग गोष्ट वळते निवाड्याकडे, की हंस कोणाचा, मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा. मुलांना तो निवाडा फार आवडतो. पण बाण काढल्यावर त्या हंसाला किती दिवस सांभाळावं लागलं असेल, याचा विचार आपण करत नाही. दया एका क्षणात येते. सेवा मात्र दोन-तीन आठवडे करावी लागते. आज आम्ही त्या दोन-तीन आठवड्यांबद्दल बोलणार आहोत.

आणि इथे बाण मारणारा बाहेरचा कोणी नाही. बदकाला त्याच्याच सोबतीच्या बदकांनी टोचलेलं असतं.

आमच्या गल्लीतल्या एका ताईंकडे नऊ बदके होती. पिल्लं असताना नर कोणते, मादी कोणती, हे वरून कळत नाही. मोठी झाल्यावर कळलं की तीन नर आहेत आणि सहा माद्या. नर ओळखायचा कसा? शेपटीवर एक-दोन पिसे वर वळलेली असतात आणि आवाज घोगरा असतो. मोठ्याने क्वॅक क्वॅक करते ती मादी. तर एके दिवशी सकाळी खुराडं उघडलं, तेव्हा एक मादी कोपऱ्यात मान खाली घालून बसलेली. डोक्यामागची आणि मानेवरची पिसे उपटलेली, कातडी फाटलेली, एक डोळा मिटलेला. बाकीची बदके येता-जाता तिला टोचत होती. शेजारी म्हणाले, "आता ही काही जगत नाही, कापून मोकळी व्हा." ताईंनी कापली नाही. ती मादी नंतर बरी झाली आणि अंड्यावरही आली. त्यांनी जे केलं आणि जाणकारांनी जे सांगितलं, तेच आम्ही क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, जखमी बदक त्याच क्षणी वेगळं करा. संध्याकाळी बघू, असं म्हणू नका. रक्त दिसलं, लाल मांस दिसलं की बाकीची बदके तिथेच पुन्हा पुन्हा चोच मारतात. कोवळी पिसे फुटत असतात तेव्हा त्यांच्या मुळात रक्त असतं, म्हणून तिथे जखम लवकर होते.

उचलताना पाय धरून किंवा मान धरून उचलू नका. बदकाचे पाय नाजूक असतात. दोन्ही पंख अंगाशी दाबून, पोटाखाली हात देऊन उचला. छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हलवूनच तो श्वास घेतो. छाती आवळली तर जखमेने नाही, गुदमरून मरेल. पट्टी बांधताना हेच ध्यानात ठेवा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापड घडी करून काही मिनिटे दाबून धरा. सारखं उचलून बघू नका. रक्त थांबलं की जखम धुवा. एक लिटर पाणी उकळून गार करा, त्यात दोन सपाट छोटे चमचे मीठ घाला, आणि त्या पाण्याची धार जखमेवर सोडा. पोव्हिडोन आयोडीन औषधाच्या दुकानात मिळतं. ते पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाचं करावं आणि जखमेला लावावं, डोळ्यात जाऊ देऊ नये. डोळ्याला नुसतं मिठाचं पाणी. आपल्याकडे हळद लावायची सवय आहे. पण घाणीवर हळद थापली की वर खपली दिसते आणि आत पू होतो. म्हणून आधी धुणं, मग बाकीचं. रॉकेल, फिनेल, चुना, तंबाखू यांतलं काहीही जखमेला लावू नका.

दुसरा शत्रू म्हणजे माशी. उघड्या जखमेवर माशी बसली की अंडी घालते, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात एका दिवसाच्या आत अळ्या होतात. म्हणून बदक घरात, पडवीत, मच्छरदाणीखाली ठेवा. मोठं टोपलं किंवा खोकं घ्या, खाली कोरडी तणीस किंवा गोणपाट टाका आणि रोज बदला. सकाळ-संध्याकाळ जखम उघडून बघा. वास आला, अळी दिसली, सूज वाढली, तर जनावरांच्या डॉक्टरांकडेच न्या.

आता पाणी. बदकाला पाणी पाहिजेच, पण जखम भरेपर्यंत तळ्यात सोडू नका. तळ्याचं, नाल्याचं पाणी जखमेत गेलं की जखम चिघळते. मात्र पिण्याचं भांडं पाच-सहा इंच खोल ठेवा, म्हणजे चोच आणि डोकं बुडवता येईल. बदक पाण्यात डोकं बुडवून नाक आणि डोळे साफ करतं. ते करता आलं नाही तर डोळे चिकटतात. आणि माया म्हणून कोणी त्याच्या घशात पाणी ओतू नका. पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते, ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. चोच पाण्याला टेकवा, ते आपलं आपण पिईल.

खाण्यात भिजवलेला कोंडा, शिजलेली कणी, बारीक चिरलेला पाला आणि थोडी सुकी मासळी द्या. नवी कातडी आणि पिसे यायला प्रथिने लागतात. पण बुरशी आलेली शेंगदाण्याची ढेप आणि कुबट मका चुकूनही देऊ नका. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, बदकांची पिल्लंही मेली. शोध घेतला तेव्हा कळलं की खाद्यातल्या शेंगदाण्याच्या ढेपेवर बुरशी होती आणि त्या बुरशीत विष होतं. त्या विषाला आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात, आणि बदकाला ते फार लवकर बाधतं. पावसाळ्यात पोतं जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा.

औषधाबद्दल एक कळकळीची विनंती आहे. आपल्याला दुखलं की आपण गोळी घेतो, म्हणून अर्धी गोळी बदकाला, असं करू नका. पक्ष्याचं शरीर वेगळं आहे. आपल्या लहानपणी आकाशात गिधाडं फिरायची, ती कुठे गेली? गुरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक द्यायचे. ती गुरं मेल्यावर गिधाडं ते मांस खायची आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली, तोवर बहुतेक गिधाडं संपली होती. तेव्हा औषध द्यायचं ते डॉक्टर सांगतील तेच, तेवढंच. आणि औषध चालू असताना त्या बदकाची अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही त्यांनाच विचारा. आजारी बदकाच्या अंड्याचे पैसे सोडावे लागले तरी सोडा. ती अंडी शेवटी कोणाच्या तरी लेकराच्याच ताटात जातात.

जखम भरली, खपली पडली, आता बदक परत सोडायचं. इथे घाई करू नका. बरेच दिवस नजरेआड राहिलेलं बदक थव्याला परकं वाटतं. म्हणून आजारपणातही, माशी-धुळीपासून जपून, दिवसा थोडा वेळ ते जाळीच्या आड, बाकीच्यांना दिसेल असं ठेवावं. दोन-चार दिवसांनी त्याच्याजवळ एक शांत मादी सोबतीला द्यावी. मग दोघींना मिळून, संध्याकाळी अंधार पडताना थव्यात सोडावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुराडं स्वतः उघडावं. टोचणं पुन्हा सुरू झालं तर पुन्हा जाळीआड. पिसे मुळासकट उपटली असतील तर काही आठवड्यांत नवी येतात. तुटली असतील तर पुढच्या पीसगळीपर्यंत वाट बघावी लागते.

पण बंधू-भगिनींनो, बदक बरं केलं आणि त्याच खुराड्यात परत ढकललं, तर आपण काय केलं? म्हणून बदकं टोचतात का, हे बघायला पाहिजे. जागा कमी असते. रात्रीच्या खुराड्यात दर बदकाला तीन-चार चौरस फूट तरी जागा लागते. खाण्याचं भांडं एकच असतं, दांडगी बदकं ते अडवून बसतात. पाणी कमी, खाण्यात कस कमी. आणि नर जास्त. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरे होतो. नर जास्त झाले की ते एकाच मादीच्या मागे लागतात, तिच्या मानेची पिसे उपटतात. ताईंनी दोन नर वेगळे केले, खाण्याची भांडी तीन केली, खुराड्याची एक भिंत मागे सरकवली. त्यानंतर टोचणं थांबलं. बदकं तीच होती.

यावर कोणी म्हणेल, थव्यात लहान-मोठा असायचाच, निसर्गातच उतरंड आहे. नॉर्वेचे थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ साली कोंबड्यांच्या टोचण्याच्या क्रमावर प्रबंध लिहिला, कोण कोणाला टोचते ते त्यांनी टिपून ठेवलं. खरं आहे, पक्ष्यांत असा क्रम असतो. पण तो जन्माने ठरत नाही. आजची वरची कोंबडी आजारी पडली की खाली येते. आणि क्रम असणं वेगळं, रक्त निघेपर्यंत टोचणं वेगळं. बदकाला खुराडं मोठं करता येत नाही, भांडी वाढवता येत नाहीत. ते माणसाला करता येतं. म्हणून पक्ष्यांचं टोचणं दाखवून माणसाच्या वागण्याला निसर्गाचा दाखला देणाऱ्यांना एवढंच सांगा, की आम्ही खुराड्याची भिंत सरकवून बघितली आहे.

शेवटची सूचना. टोचल्याची जखम नसताना एकामागून एक पक्षी मरायला लागले तर हात लावू नका, मेलेला पक्षी नाल्यात टाकू नका. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, भारतातली ती पहिली साथ होती. बदक वरून धडधाकट दिसत असूनही तो रोग वागवू शकतं. लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवा. आणि एरवीसुद्धा बदकाची जखम धुतल्यावर साबणाने हात धुवा. लहान मुलांनी तर नक्कीच.

बालमित्रहो, हे काम तुमचंही आहे. आई-बाबा कामावर जातात, दुपारी घरी तुम्ही असता. कोणतं बदक कोपऱ्यात एकटं बसतं, कोणाला भांड्याजवळ येऊ देत नाहीत, ते तुम्हाला आधी दिसतं. दिसलं की सांगा. जखम व्हायच्या आधी सांगितलं तर पट्टी लागत नाही.

 जयभीम.