तुटलेल्या काळात उभे राहण्याची जागा



मेहकरच्या या साहित्य संमेलनात बोलायचे म्हणजे कवी ना. घ. देशपांडे यांच्या गावात बोलायचे. बरेच दिवस मनाला लागून राहिलेल्या विषयाकडे थेट वळतो.

आपल्या तालुक्यातालुक्यात आज अभ्यासिका उभ्या आहेत. सकाळी दार उघडले की खुर्च्या भरतात आणि रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात. तिथे बसलेल्या मुलांकडे मी नेहमी पाहतो. हातात पदवी आहे. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा, जी जाहिरात निघेल तिचा फॉर्म भरलेला आहे. घरी सोयाबीन पडून आहे, कारण भाव नाही. लग्नाचे वय झाले आहे, पण शेती करणाऱ्याला मुलगी द्यायला कोणी तयार नाही. खिशातला मोबाईल दर मिनिटाला काहीतरी सांगत असतो. एका गटात तो गावाचा असतो, दुसऱ्यात जातीचा, तिसऱ्यात पक्षाचा, चौथ्यात परीक्षार्थी. प्रत्येक ठिकाणी त्याचा आवाज वेगळा असतो. रात्री तो दिवा मालवतो तेव्हा यातला खरा आपण कोणता, हा प्रश्न त्याच्याजवळ उरतो. मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी अवघड असतो. परीक्षेचा निकाल आधी लागतो की लग्न आधी ठरते, यावर त्यांचे सगळे आयुष्य टांगलेले असते.

ज्याँ-फ्रान्स्वा ल्योतार या फ्रेंच विचारवंताने १९७९ साली आपल्या काळाविषयी एक निरीक्षण मांडले. माणसांना एकत्र बांधणाऱ्या, सगळ्या जगाचा अर्थ लावून देणाऱ्या ज्या मोठ्या कथा होत्या, त्यांच्यावरचा विश्वास उडाला, ही उत्तर-आधुनिक काळाची खूण असे तो म्हणाला. आपल्याकडे या विचारावर पुष्कळ चर्चासत्रे झाली. पण आमच्या मुलखात कोणती कथा मोडली, हे त्या चर्चांतून फारसे कळत नाही. आमच्याकडे मोडलेली कथा हेगेलची नव्हती आणि मार्क्सचीही नव्हती. ‘शिकला की सुटला’ ही आमची मोठी कथा होती. बापाने वावर गहाण टाकले ते त्या कथेवर विश्वास ठेवून. कापसाला आपण पांढरे सोने म्हणत आलो, ती दुसरी. याच कापसासाठी १८७० साली जलंब ते खामगाव असा रेल्वेफाटा टाकला गेला आणि खामगावची बाजारपेठ दूरवर गाजली. त्याच कापसाच्या मुलखातून पुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्या सहांत आपला बुलढाणा होता. पॅरिसमध्ये बसून मोठ्या कथांच्या अंताचा आनंद मानता येत असेल. इथे त्या मोडल्या तेव्हा घरेच्या घरे मोडली. म्हणून या विषयाकडे मी विद्यापीठीय कुतूहलाने पाहू शकत नाही.

तरीही एक गोष्ट ठामपणे सांगतो. तुटलेल्या काळात जगण्याची पाळी आपल्यावर पहिल्यांदा आलेली नाही. आपले वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. १८५३ साली ते इंग्रजांच्या ताब्यात गेले, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडले गेले, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात राहिले, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्रात. एकाच घरातल्या आजोबा-नातवांनी एकाच ओसरीवर बसून इतकी राज्ये पाहिली.

त्याही मागे जाऊ. दर वर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजाला लाखो माणसे लोटतात. जिजाऊंच्या जन्मस्थळी माथा टेकताना मला नेहमी वाटते, आपण त्यांच्या तेजाविषयी बोलतो, त्यांच्या कोंडीविषयी बोलत नाही. वडील लखुजी जाधव मोगलांच्या बाजूला गेले, सासर भोसल्यांचे; माहेर आणि सासर परस्परविरोधी छावण्यांत. १६२९ साली निजामशाहीच्या दरबारात, दौलताबादेला, लखुजीराव आपल्या मुलांसह मारले गेले. पतीची चाकरी कधी या शाहीत, कधी त्या शाहीत. निष्ठा कुठे ठेवावी, याचे तयार उत्तर त्या बाईला कोणीही दिलेले नव्हते. तिने ते घडवले. त्या जन्मस्थळी जमणाऱ्या तरुणांनी घोषणेबरोबर ही कोंडीही समजून घेतली तर त्यांना जिजाऊ अधिक जवळच्या वाटतील.

जिजाऊंच्याही आधीचे एक घर पाहा. देऊळगावराजा तालुक्यातले मेहुणाराजा हे संत चोखोबांचे जन्मगाव मानले जाते. चोखोबा, पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, असे सगळे घर अभंग रचणारे. जगाच्या वाङ्मयातही अशी घरे फार नसतील. मला त्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, या घरात सगळ्यांचे उत्तर एक नाही. चोखोबांच्या वेदनेत शरणागती आहे. सोयराबाई विटाळाची सगळी कल्पनाच देहाच्या मुळाशी जाऊन तपासते. कर्ममेळा तर देवालाच जाब विचारतो, हा जन्म आम्हाला का दिला म्हणून. गावाने त्यांना एकच ओळख दिली होती, गावकुसाबाहेरची. त्या एका घरातून इतक्या वेगवेगळ्या आवाजांची माणसे उभी राहिली, कारण प्रत्येकाने आपल्या दुःखाला आपल्या तोंडाने बोलते केले.

आता मी ज्या व्यक्तीपाशी जास्त थांबणार आहे, ती आपल्या बुलढाणा शहराची. ताराबाई शिंदे. जन्म १८५०च्या सुमाराचा. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे. मराठा घराण्यातली, घराच्या चौकटीत राहिलेली ही बाई. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी झाली, पण तेवढ्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. ते लिखाण बुलढाण्यात ताराबाईंच्या हाती पडले.

थोडा विचार करा. घटना सुरतेची, वाद पुण्याच्या वर्तमानपत्रांतला, वाचणारी बुलढाण्याची. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्या विधवेशी ओळखदेख नाही. आज आपल्या मोबाईलवर दिवसभर अशाच दूरदूरच्या बातम्या येतात, आपण चुकचुकतो, बोट सरकवतो आणि पुढे जातो. ताराबाईंनी तसे केले नाही. त्या बातमीत त्यांनी स्वतःला ओळखले. लिहायला बसल्या, आणि १८८२ साली पुण्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक छापून निघाले. जे जे दोष स्त्रीच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत आहेत की नाहीत, असे त्यांनी एकेक दोष घेऊन विचारले. त्यांची भाषा घरातली, स्वयंपाकघरातली, भांडणातलीसुद्धा. कोणाच्या शैलीची उसनवारी तिच्यात नाही. त्यांच्या स्वतःच्या लोकांनीही नाक मुरडले. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली आपल्या ‘सत्सार’मधून त्यांची बाजू उचलून धरली. नंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. हे एकमेव पुस्तक मराठी समाज विसरून गेला आणि अभ्यासक स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले. आज स्त्रीवादी विचारांचा भारतीय इतिहास त्या पुस्तकाला वगळून लिहिता येत नाही.

मला जे म्हणायचे आहे ते या उदाहरणात आहे. हल्ली व्याख्याते तरुणांना सांगतात, डोळे मिटा, स्वतःला शोधा, उत्तर तुमच्या आतच आहे. मला हे पटत नाही. डोळे मिटून ताराबाईंना काय सापडले असते? चार भिंती आणि घुसमट. त्यांची दिशा त्यांना सापडली ती एका परक्या बाईवरच्या अन्यायाला उत्तर देताना. आतला आवाज असतोच, पण बाहेरच्या एखाद्या गोष्टीने तो जागा व्हावा लागतो, आणि जागा झाल्यावर त्याला शब्द द्यावे लागतात. ज्याचे उत्तर दिल्यावाचून आपल्याला राहवत नाही, तिथे आपण असतो.

या गावच्या ना. घ. यांनी आपली जागा दुसऱ्या रीतीने शोधली. त्यांच्या ‘शीळ’ या कवितेची जी. एन. जोशी यांच्या आवाजातली ध्वनिमुद्रिका १९३०च्या दशकात महाराष्ट्रभर घरोघरी वाजत होती. ‘शीळ’ याच नावाचा संग्रह पुढे १९५४ साली निघाला. ‘खूणगाठी’ या संग्रहाला १९८६ साली साहित्य अकादमीचा सन्मान मिळाला. एवढे होऊनही त्यांनी मेहकर सोडले नाही. इथेच वकिली केली. कीर्ती पुण्या-मुंबईत फिरत होती आणि कवी पैनगंगेच्या काठी होता. गाव सोडले नाही तर माणूस मागे राहतो, असे मानणाऱ्या आजच्या पिढीने हे एक आयुष्य नीट पाहावे.

याच जिल्ह्यातल्या सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो केवळ एका कादंबरीचा गौरव नव्हता. त्यातला एकनाथ तनपुरे शिकलेला आहे, नोकरीसाठी मागितले जाणारे पैसे त्याच्याजवळ नाहीत, शेतीत मन लागत नाही आणि शेतीवाचून गत्यंतर नाही. अभ्यासिकेत बसलेला जो मुलगा मी मघाशी सांगितला, त्याचा हा थोरला भाऊ. एकनाथला वाट सापडत नाही. लेखकाने खोटा दिलासा दिलेला नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण वाट न सापडणारा माणूस वऱ्हाडी बोलीच्या अंगाने, त्याच्या मातीच्या तपशिलांसह मराठी साहित्याच्या मध्यभागी येऊन बसला, हेच त्या अंधारातले मोठे काम आहे. आपल्यासारख्याच एकाला कोणीतरी पाहिले आहे, हे कळल्याने माणसाला बळ येते.

इथे एका धोक्याविषयी बोलले पाहिजे. मोठ्या कथा मोडल्या की माणूस उघडा पडतो, आणि उघड्या माणसाला तयार ओळख विकणारे लगेच भेटतात. झेंडा देतात, शत्रू दाखवतात, मिरवणुकीत जागा देतात. दोन दिवस ऊब मिळते. त्या ओळखीत आपण स्वतः घडवलेले काहीच नसते, म्हणून ती टिकवायला रोज नवा शत्रू लागतो. या संमेलनातून मला तसली एकच एक ‘बुलढाण्याची अस्मिता’ उभी करायची नाही. तसे करणे आपल्या भूगोलालाही धरून होणार नाही. बुलढाण्याजवळच्या डोंगरात मढपाशी पैनगंगा उगम पावते, या मेहकरावरून पुढे जाते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे करत तिचे पाणी बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगररांगेच्या उत्तर उतारावरून नळगंगा, ज्ञानगंगा घाटाखाली उतरतात, पूर्णेतून तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला जातात. एकाच डोंगरावरचा पाऊस दोन समुद्रांना जातो, आणि दोन्ही पाणी आपलेच आहे. घाटावरचा माणूस आणि घाटाखालचा माणूस बोलतो वेगळे, पिकवतो वेगळे. ते वेगळेपण साहित्यात यावे, त्यावर इस्त्री फिरवू नये.

आपल्याच जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुक्यात, निहाली बोलणारी माणसे राहतात. या भाषेचे जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी नाते सिद्ध झालेले नाही. बोलणारे अवघे दोनेक हजार असावेत. कोरकू, हिंदी, मराठी या भाषांच्या गराड्यात त्यांच्या मुलांच्या तोंडून ती हळूहळू सुटत चालली आहे. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ तिचा अभ्यास करतात आणि आपल्यातल्या बहुतेकांना तिचे नावही ठाऊक नाही. आपली ओळख हरवल्याची तक्रार करणाऱ्या आपण लोकांनी शेजाऱ्याची ओळख आपल्या डोळ्यांदेखत पुसली जाऊ द्यावी, हे मला सहन होत नाही. जो दुसऱ्याची भाषा वाचवायला धावत नाही, त्याच्या स्वतःच्या भाषेवरच्या प्रेमावर मी विश्वास ठेवणार नाही.

म्हणून काही विनंत्या करतो. ग्रंथालयाच्या कार्यकर्त्यांना विनंती ही की, अभ्यासिकेतल्या मार्गदर्शक पुस्तकांशेजारी एक फळी या जिल्ह्याच्या लेखकांसाठी ठेवा. ‘स्त्री-पुरुष तुलना’, ‘शीळ’, ‘बारोमास’, चोखोबांच्या घरातले अभंग तिथे असू द्या. परीक्षेचा अभ्यास करून दमलेला मुलगा कधीतरी हात लांब करेल. जळगाव जामोदकडच्या शिक्षकांनी निहाली बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसावे, त्यांच्या संमतीने त्यांच्या गोष्टी, गाणी, झाडांची आणि नात्यांची नावे उतरवून घ्यावीत, आणि वर्गातल्या निहाली मुलाला त्याच्या भाषेत बोलल्याबद्दल कधीही गप्प करू नये.

तरुण मित्रांनो, तुम्हाला मी भव्य लिहा असे सांगत नाही. गेल्या वर्षभरात तुम्हाला ज्या एका गोष्टीने झोपू दिले नाही, तिला उत्तर देणारे एक पान लिहा. बाजार समितीतला काटा असेल, बहिणीचे अर्धवट राहिलेले शिक्षण असेल, भरतीच्या मैदानावरचा दिवस असेल. घरी बोलता त्या बोलीत लिहा. कोणाला आवडेल याचा विचार करू नका. आणि आयोजकांना माझी विनंती आहे की, पुढच्या संमेलनात एक पूर्ण सत्र फक्त त्या पानांच्या वाचनासाठी राखून ठेवावे, आणि आम्ही ज्येष्ठांनी त्या सत्रात व्यासपीठावरून उतरून समोर श्रोत्यांत बसावे.