मुक्या सोबत्याची अखेरची सोय

बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला लागून शिळफाटा आहे. आषाढातल्या एखाद्या रात्री तेथील एका घराच्या पडवीत तेरा वर्षांचा कुत्रा शेवटचा श्वास घेतो, अशी कल्पना श्रोत्यांनी करावी. बाहेर पाऊस कोसळत असतो. धाकटी मुलगी त्याच्या पाठीवरचा हात काढीत नाही. आजी म्हणते, "परसात आंब्याखाली पुरा त्याला, घरचाच होता तो." वडील कुदळ घेऊन बाहेर जातात आणि ओलेचिंब होऊन परततात, हातभर खणले न खणले तोच खड्ड्यात पाणी भरते. थोरला मुलगा म्हणतो, "बाबा, शहरात दहनाची सोय असते म्हणतात." साऱ्यांच्या बोलण्यात माया सारखीच, पण निर्णय सकाळपर्यंत व्हावयास हवा, कारण अशा दमट हवेत देह फार वेळ टिकत नाही.

कुत्र्यामांजरांचे अंत्यसंस्कार हे अलीकडच्या श्रीमंतीचे खूळ आहे, असे म्हणणारा शेजारी प्रत्येक आळीत असतो. त्याला एकदा साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला नेऊन आणावे. १७४९ साली निधन पावलेल्या छत्रपती शाहू महाराजांच्या समाधीपाशी त्यांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचे स्मारक तेथे आहे. रायगडावरील वाघ्याचे स्मारक १९३६ सालचे. त्यामागील कथेला समकालीन कागदाचा आधार नाही म्हणून त्याच्यावर वाद झडत आले आहेत. तो वाद इतिहासकारांचा. मुक्या सोबत्याला मातीआड करताना माणसाचा हात अडखळतो, हे मात्र कोणी नाकारीत नाही.

आता परसातल्या आंब्याकडे वळू. कोरड्या दिवसांत, स्वतःच्या जागेत, विहिरीपासून दूर, चांगला कमरेइतका खोल खड्डा घेऊन पुरणे ही पद्धत जुनी आहे आणि वाईट नाही. परंतु घाटाखालच्या पावसाळ्यात भूजल जमिनीच्या अगदी वर येते. उथळ पुरलेला देह कोल्हीकुत्री उकरून काढतात आणि झिरपणारे पाणी शेजारच्या विहिरीत उतरते. दुसरी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. असाध्य दुखण्यात पशुवैद्याने गुंगीच्या औषधाची मोठी मात्रा टोचून प्राण्याला शांत केले असेल, तर ते औषध देहात राहते व तो देह उकरून खाणाऱ्या प्राण्यापक्ष्यांना बाधते. नदीचा विचार तर मनातही आणू नये. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाल्यापासून त्याच्या टर्बाइनांतून सुटलेले पाणी पाताळगंगेत येते, आणि ती नदी खालच्या कितीतरी गावांची तहान भागविते.

म्हणजे उरले दहन. मुंबई महानगरपालिकेने मालाड येथे २०२३ साली लहान प्राण्यांसाठी नळाच्या गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली. पन्नास किलोपर्यंतच्या प्राण्यांसाठी ती बांधलेली आहे. तथापि महापालिकेची सोय प्रथम तिच्या नागरिकांसाठी असते. बाहेरगावच्या माणसाला घेतात काय, पशुवैद्याचा दाखला लागतो काय, हे निघण्यापूर्वी विचारावे; मृत देह मांडीवर घेऊन दारातून परत फिरणे फार कठीण असते. खासगी गाडी बोलावणाऱ्यांनी "खोपोलीचा शिळफाटा" असे दोनदा सांगावे, नाहीतर गाडीवान ठाण्याकडच्या शिळफाट्यावर जाऊन उभा राहावयाचा! तोवर देह अंग मुडपून, जुन्या चादरीत गुंडाळून गार जागी ठेवावा व भोवती बर्फ लावावा. पिसाळल्याचा संशय असेल तर त्याला हात न लावता आधी पशुवैद्याला कळवावे.

खासगी सेवा निवडताना दराच्या आधी एक प्रश्न विचारावा: आमचा प्राणी एकटा जाळणार की इतरांबरोबर? दोन्ही पद्धती प्रामाणिक असू शकतात. अनेक देह एकत्र जाळणे स्वस्त पडते आणि त्यात अपमान काही नाही. मात्र मग रक्षा मागू नये, कारण ती कोणा एकाची नसते. लबाडी होते ती येथेच: पैसे एकट्याचे घ्यावयाचे आणि ओंजळभर राख कोणाचीही द्यावयाची. सुमारे आठशे-नऊशे अंश उष्णतेत मांस व चरबी जळून जातात आणि हाडांतील खनिज तेवढे उरते. ते मूळ वजनाच्या तीन-चार टक्क्यांहून अधिक सहसा भरत नाही. वीस किलोच्या कुत्र्याची रक्षा म्हणून कोणी चार किलोंचे गाठोडे हाती दिले, तर त्यात दुसरेही काही आहे हे ओळखावे.

यासाठी दाहिनीपर्यंत जाऊ देतात काय, देहाबरोबर क्रमांकाचा बिल्ला ठेवतात काय, आधीची राख काढून भट्टी झाडून घेतात काय, हे विचारावे. चांगला मनुष्य या प्रश्नांनी रागावत नाही. चंदनाचे लाकूड, संगमरवरी कलश, पंजाचा ठसा असल्या गोष्टींची यादी पुढे आली, तर ज्याला हवे त्याने घ्यावे. पण दुःखाच्या पहिल्या रात्री माणूस सगळ्यालाच हो म्हणतो, हे विकणाराही जाणतो. म्हणून प्राणी म्हातारा होऊ लागला की ही चौकशी शांतपणे करून, क्रमांक पशुवैद्याच्या कागदांतच लिहून ठेवावा. पुष्कळ घरांत हे अशुभ मानतात. त्याच घरांत विम्याचे हप्ते मात्र बिनचूक भरले जातात.

शिळफाट्याच्या त्या घरातून सकाळी गाडी निघते. वडील बरोबर जातात, भट्टीचे दार लागेपर्यंत उभे राहतात आणि तिसऱ्या प्रहरी मडक्यात अर्ध्या-पाऊण किलोची रक्षा घेऊन परततात. मुलगी मडके हातात घेऊन विचारते, "बाबा, हा आपलाच ना?" वडील म्हणतात, "आपलाच. मी तिथे होतो." पाऊस उघडल्यावर आजी आंब्याखाली जागा दाखविते.